अशनीतील खनिजे कशी वाचावीत : विदर्भातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. तपासणीअंती ते एल-६ गटातील कॉन्ड्राइट, म्हणजे सामान्य दगडी अशनी ठरले. २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतील संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी याच अशनीच्या एका तुकड्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरहून अधिक खोलीवर हे खनिज विपुल आहे, परंतु तेथून ते आपल्या हाती कधीच येत नाही. असा दगड ज्या जिल्ह्यात पडला तेथील विद्यार्थ्याला, शिक्षकाला किंवा हौशी शेतकऱ्याला या शास्त्राची सुरुवात कोठून करावी असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तिचा क्रम या लेखात दिला आहे. सारे काम घरी होण्यासारखे नाही. अखेरचे मोजमाप प्रयोगशाळेतच होते. तरीही त्या मोजमापाचा अर्थ लावण्यापर्यंतचा बराच रस्ता गावात राहून चालता येतो.

पहिली पायरी : आपला काळा पाषाण

नवशिक्याने अशनी शोधण्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्यापासून झालेल्या बेसाल्टवर वसलेला आहे. या बेसाल्टमध्ये मुख्यत्वे प्लॅजिओक्लेज फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजे असतात, त्यांच्या जोडीला लोह व टायटॅनियमची काळी ऑक्साइडे असतात आणि काही थरांत ऑलिव्हीनही आढळते. मंगळावरून आलेले दगड, व्हेस्टा या लघुग्रहावरून आलेले दगड आणि चंद्रावरील काळ्या मैदानांतले दगड याच खनिज-कुळांचे बनलेले आहेत. म्हणून ज्याला धुऱ्यावरचा दगड वाचता येत नाही, त्याला मंगळाचा दगडही वाचता येणार नाही.

रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगातून, परवानगी घेऊन, ताजा फुटलेला एक तुकडा घ्यावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तो सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा. दगड हळूहळू फिरवताना ज्या बारीक, लांबट, पांढरट पट्ट्या एकाच क्षणी आरशासारख्या चमकून विझतात, ते प्लॅजिओक्लेजचे पाटनपृष्ठ, म्हणजे स्फटिक ज्या ठरावीक सपाट दिशेने फुटतो ती बाजू होय. आखूड, जाडसर, काळे किंवा काळपट हिरवे कण पायरोक्सीनचे असतात. ऑलिव्हीन असलेच तर ते पिवळसर हिरवे असते, बहुधा हवापाण्याने बदलून तांबूस झालेले असते, आणि त्याला नीट पाटन नसल्यामुळे ते काचेसारखे वेडेवाकडे फुटते. पोकळ्यांमध्ये दिसणारी गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइटे लाव्हा थिजल्यानंतर पाण्याने आणून बसवलेली असतात. ती वेगळी नोंदवावीत, कारण दगडाच्या जन्माविषयी ती काही सांगत नाहीत.

या निरीक्षणात एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. आपल्या बेसाल्टमधील लोह जवळजवळ सगळे प्राणवायूशी जोडलेले असते. उलट सामान्य कॉन्ड्राइटच्या ताज्या फुटलेल्या बाजूवर निकेलयुक्त लोखंडाचे चकचकीत कण उघड्या डोळ्यांना दिसतात आणि त्यांच्याजवळ ट्रॉइलाइट या लोह-गंधक खनिजाचे पितळी झाक असलेले कण असतात. पुढच्या सगळ्या विवेचनाचे मूळ येथेच आहे : लोह धातुरूपात किती राहिले आणि खनिजांत किती शिरले, यावरून दगड कोणत्या पिंडावर घडला याचा माग लागतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूच्या वाचकांच्या पायाखाली बेसाल्ट फारसा नाही, तेथे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. त्यांनी हा सराव बाहेरून आणलेल्या गिट्टीवर करावा.

दुसरी पायरी : संशयित दगडाची पारख

काळा, जड आणि चुंबकाला ओढणारा दगड म्हणजे अशनी, हा समज सोडून द्यावा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीचे कण असल्यामुळे तोही चुंबकाला थोडा ओढतो. सुरजागडच्या परिसरात हेमॅटाइट आहे, भंडारा-नागपूर पट्ट्यात मँगनीजचे खनिज आहे आणि दोन्ही जड असतात. याशिवाय विदर्भात लोखंड गाळण्याची परंपरा फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथील उत्खननात लोहयुगातील भट्टीचे अवशेष मिळाले आहेत. अशा जुन्या भट्ट्यांची धातुमळी वावरात नांगराला लागते आणि ती काळी, जड, वितळल्यासारखी दिसत असल्याने भल्याभल्यांची फसगत करते. मळीमध्ये बुडबुड्यांची भोके असतात, अशनीत ती जवळजवळ कधीच नसतात. हा एक फरक ध्यानात ठेवला तरी बरेचसे दगड बाद होतात.

कस, म्हणजे दगड घासल्यावर उमटणाऱ्या पुडीच्या रेघेचा रंग, पाहण्यासाठी फरशीच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू पुरते. हेमॅटाइटचा कस तांबडा, मॅग्नेटाइटचा काळा येतो. ताज्या दगडी अशनीचा कस बहुधा उमटतच नाही किंवा फिकट राखाडी येतो. कस घेताना दगडाची एखादी कड थोडी झिजते, म्हणून जो दगड खरोखरच नुकताच पडला असल्याची शक्यता आहे त्यावर ही परीक्षा करू नये.

चुंबक वापरायचाच असेल तर तो साधा, कमजोर असावा, दोऱ्याने टांगावा आणि दगडाजवळ नेऊन तो कललेला दिसला की लगेच दूर करावा. बाजारात मिळणारे छोटे, अतिशय जोरदार निओडिमियम चुंबक दगडावर फिरवू नयेत. ज्या पिंडावर दगड घडला तेथील प्राचीन चुंबकीय क्षेत्राची खूण दगडात टिकलेली असू शकते आणि अशा चुंबकाच्या एका स्पर्शाने ती पुसली जाते. अशनी विकणारे व जमवणारे लोक वर्षानुवर्षे हे करत आले आहेत आणि त्यात झालेले नुकसान भरून निघण्यासारखे नाही.

घनता ही सर्वांत उपयोगी घरगुती परीक्षा आहे. बेसाल्टची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण २.८ ते ३ ग्रॅम, सामान्य कॉन्ड्राइटची ३.२ ते ३.७, हेमॅटाइटची सुमारे ५ आणि लोखंडी अशनीची ७ ते ८ असते. सरावाच्या बेसाल्टसाठी पाण्याची रीत सोपी आहे : डिजिटल काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि दोऱ्याने टांगलेला दगड भांड्याला न टेकवता पूर्ण बुडवावा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर दगडाचे आकारमान असते. संशयित दगड मात्र पाण्यात घालू नये, कारण आतले लोखंड गंजते. तो पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कोरड्या, बारीक, चाळलेल्या वाळूने मोजावा. त्यासाठी एका पेल्यात काठोकाठ मावणाऱ्या पाण्याचे वजन घेतले की पेल्याचे आकारमान कळते आणि त्याच पेल्यात काठोकाठ मावणाऱ्या वाळूचे वजन घेतले की वाळूची घनता कळते. नंतर पेला कोरडा करून त्यात दगड ठेवावा, त्याभोवती तीच वाळू काठोकाठ भरावी आणि जितकी वाळू उरेल तिच्या वजनाला वाळूच्या घनतेने भागावे. पेला प्रत्येक वेळी सारखाच ठोकला पाहिजे, नाहीतर वाळू कमीअधिक दबते. चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी.

तिसरी पायरी : दगड खरोखर पडला तर

विदर्भातील काळी माती आणि पावसाळा अशनींना मानवत नाही. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत लहान तुकडे गडप होतात आणि पावसात लोखंड गंजून दगड ठिसूळ होतो. म्हणून वाळवंटात किंवा अंटार्क्टिकावर जुने अशनी सापडतात तसे ते येथे सापडण्याची आशा कमी आहे. भारतातील बहुतेक अशनी पडताना पाहिलेले आणि लगेच उचललेलेच आहेत.

आकाशात दिसणारी प्रत्येक ज्वाळा अशनीची नसते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून तेजस्वी रेघा सरकत गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. तो रॉकेटचा अवशेष होता. अशा अवशेषांच्या रेघा सावकाश, जवळजवळ आडव्या सरकतात आणि बराच वेळ दिसतात. अशनीचा अग्निगोल बहुधा काही सेकंदांतच विझतो आणि मागाहून गडगडाट ऐकू येतो.

दगड पडल्याचे आढळले तर उचलण्यापूर्वी मोजपट्टी शेजारी ठेवून त्याची छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, पडण्याची वेळ, आवाज, दिशा आणि खड्ड्याची खोली लिहून ठेवावी. दगड जळता असेल ही भीती निराधार आहे, तो हाताला कोमट किंवा थंडच लागतो. उचलताना स्वच्छ हातमोजे किंवा ॲल्युमिनियम फॉइल वापरावे आणि दगड फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या, बंद डब्यात ठेवावा. आकाशातून आलेल्या दगडाला हळदकुंकू वाहण्याची किंवा शेंदूर लावण्याची इच्छा गावात स्वाभाविकपणे होते. त्या भावनेचा मान राखून, तेल आणि शेंदूर दगडाला लागू न देण्याची विनंती करावी, कारण दोन्ही सूक्ष्म भेगांत मुरतात आणि आतली रसायने मोजणे अवघड होते.

तलाठी किंवा तहसीलदार यांच्यामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला तातडीने कळवावे. देशात पडलेले अशनी जपण्याचे काम हीच संस्था करते आणि तिचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे. घाई करण्याचे कारण शास्त्रीय आहे. अवकाशात असताना विश्वकिरणांमुळे दगडात काही किरणोत्सारी समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, तयार होतात. त्यांतील सोडियम-२२ चे अर्धे आयुष्य २.६ वर्षांचे, तर व्हॅनेडियम-४८ चे केवळ १६ दिवसांचे आहे. दगड कुणाच्या कपाटात महिनाभर पडून राहिला तर त्यातली काही माहिती कायमची नाहीशी होते.

चौथी पायरी : पातळ छेद पाहणे

खनिजांचा खरा अभ्यास पातळ छेदावर होतो. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासली की बहुतेक खनिजे पारदर्शक होतात. बेसाल्टचा असा छेद हाताने करता येतो. जाड काचेवर कार्बोरंडम या कठीण घासणाऱ्या पदार्थाची पूड पाण्यात कालवून, आधी भरड आणि मग बारीक अशा क्रमाने, चकती घासत जावी. धीर मात्र लागतो, कारण शेवटच्या टप्प्यात निष्काळजीपणाने आणखी थोडे घासले की सारा छेदच निघून जातो. जाडी बरोबर झाली की नाही हे प्लॅजिओक्लेज सांगते : एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक पापुद्र्यांमध्ये (प्रकाशाची कंपने एकाच दिशेने जाऊ देणारे पापुद्रे) ते करडे-पांढरे दिसले पाहिजे. ते पिवळे किंवा नारिंगी दिसत असेल तर छेद अजून जाड आहे. ध्रुवक पापुद्रे बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून काढून शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकालाही लावता येतात.

अशनीचा छेद पाहण्यासाठी भूविज्ञान विभाग असलेल्या महाविद्यालयाशी संपर्क साधावा. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो. ते शक्य नसेल तर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने आंतरजालावर खुल्या ठेवलेल्या आभासी सूक्ष्मदर्शकात अनेक अशनींचे छेद फिरवून पाहता येतात आणि मोबाइलवरही हे काम चालते.

कॉन्ड्राइटच्या छेदात कॉन्ड्रूल नावाचे गोल दाणे शोधावेत. सूर्यमाला तयार होत असताना अवकाशात वितळलेले हे थेंब आहेत आणि त्यांत ऑलिव्हीन व पायरोक्सीन यांचे स्फटिक पंख्यासारखे, पट्ट्यांचे किंवा जाड ठोकळ्यांचे रचलेले दिसतात. अशनीच्या गटापुढचा क्रमांक तो किती भाजला गेला हे सांगतो. ३ क्रमांकाच्या प्रकारात, उदाहरणार्थ १९७६ मध्ये गुजरातेत पडलेल्या धजाला अशनीत, त्यांच्या कडा ठसठशीत असतात. काटोलसारख्या ६ क्रमांकाच्या अशनीत मात्र त्या आजूबाजूच्या खनिजांत मिसळून पुसट होतात, कारण मूळ लघुग्रहाच्या आत तो दगड दीर्घकाळ कित्येक शे अंश तापमानात भाजला गेला होता. पहिल्यांदा काटोलचा छेद पाहणाऱ्याला कॉन्ड्रूल सापडत नाहीत म्हणून निराशा येते, पण तो पुसटपणा हीच त्या लघुग्रहाच्या अंतरंगाची बातमी आहे.

पाचवी पायरी : आकड्यांवरून मूळ पिंड

येथून पुढे इलेक्ट्रॉन प्रोब हे यंत्र लागते. इलेक्ट्रॉनांचा झोत एका कणावर टाकून ते त्यातील ऑक्साइडांचे वजनी प्रमाण देते. यंत्र आपल्याजवळ नसले तरी प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांवर गणित करता येते, आणि ते केल्यावाचून हा विषय अंगवळणी पडत नाही.

सरावासाठी असे समजू की एका ऑलिव्हीन कणात मॅग्नेशियम ऑक्साइड ३८.५ टक्के आणि लोह ऑक्साइड २२.५ टक्के आहे. पहिल्याला त्याच्या रेणुभाराने म्हणजे ४०.३ ने, दुसऱ्याला ७१.८५ ने भागावे. उत्तरे अनुक्रमे ०.९५५ आणि ०.३१३ येतात. दोन्हींच्या बेरजेत लोहाचा वाटा ०.३१३ भागिले १.२६८, म्हणजे सुमारे २४.७ टक्के आहे. या संख्येला फायालाइटचे, म्हणजे लोहयुक्त ऑलिव्हीनचे, प्रमाण म्हणतात. सामान्य कॉन्ड्राइटांच्या एच गटात ते साधारण १६ ते २०, एल गटात २२ ते २६ आणि एलएल गटात २६ ते ३२ असते. म्हणून आपला कल्पित कण एल गटाचा, काटोलच्याच गटाचा ठरतो. एचकडून एलएलकडे जाताना खनिजांतले लोह वाढते आणि धातुरूप लोखंड घटते. तिन्ही गट वेगवेगळ्या मूळ पिंडांवर घडले असे मानण्यास हा एक आधार आहे. जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा लघुग्रहावरील धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणली तेव्हा तिच्यातील खनिजांची रचना एलएल गटाशी जुळली. दगड आणि आकाशातील पिंड यांची गाठ अशी प्रत्यक्ष पडते तेव्हा वर्गीकरणाला वेगळेच वजन येते.

बेसाल्टसारख्या अशनींसाठी दुसरी खूण आहे : पायरोक्सीनमधील लोहाचे मँगनीजशी प्रमाण. (मँगनीज म्हटले की आपल्याला भंडाऱ्याच्या खाणी आठवतात. येथे ते दगडात अत्यल्प असते.) ही दोन मूलद्रव्ये स्फटिकात जवळजवळ एकाच जागी बसतात, त्यामुळे लाव्हा थिजताना त्यांचे आपसातील प्रमाण फारसे ढळत नाही आणि मूळ पिंडाची ओळख त्यात टिकते. हे प्रमाण व्हेस्टाच्या दगडांत साधारण ३०, मंगळाच्या दगडांत त्याहून किंचित अधिक, पृथ्वीच्या बेसाल्टमध्ये सुमारे ४० आणि चंद्राच्या दगडांत सुमारे ६० असते. चंद्राचा आकडा मोठा असण्याचे एक कारण असे मानले जाते की त्याच्या तप्त जन्मात लोहापेक्षा सहज उडून जाणारे मँगनीज कमी झाले.

व्हेस्टा आणि मंगळ यांचे आकडे इतके जवळ आहेत की एका खुणेवर निकाल देऊ नये. तेव्हा प्लॅजिओक्लेजकडे वळावे. व्हेस्टाच्या आणि चंद्राच्या दगडांत ते कॅल्शियमने समृद्ध असते, मंगळाच्या दगडांत त्यात सोडियम अधिक असते. शेवटचा शब्द ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांच्या प्रमाणाचा असतो, आणि ते मोजणे पूर्णपणे विशेष प्रयोगशाळांचे काम आहे. मंगळाच्या बाबतीत आणखी एक पुरावा मिळाला. अंटार्क्टिकावर सापडलेल्या एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानाने मंगळावर मोजलेल्या वायूशी जुळल्याचे १९८३ मध्ये दाखवून देण्यात आले. या कुळाला ज्याच्यावरून शेर्गोटाइट हे नाव पडले तो दगड २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे पडला होता.

लोखंडी अशनींविषयी एवढेच पुरे : त्यांत खनिजांची विविधता कमी असते, आणि घासून सौम्य आम्लाने धुतल्यावर दिसणाऱ्या विडमनश्टेटन पट्ट्यांच्या रुंदीवरून तो धातू किती संथपणे थंड झाला हे काढतात.

सहावी पायरी : आघाताच्या खुणा

शेरघाटीच्या दगडातच १८७२ मध्ये मास्केलिनाइट हे आघाताने प्लॅजिओक्लेजपासून झालेले काचेसारखे द्रव्य प्रथम ओळखले गेले. प्रचंड आघाताने प्लॅजिओक्लेजची स्फटिकरचना मोडते, पण कणाचा बाह्य आकार बहुधा तसाच राहतो. असा कण काटकोनातील ध्रुवकांमध्ये छेद कसाही फिरवला तरी काळाच राहतो. विदर्भातील अभ्यासकाचे भाग्य असे की हेच द्रव्य बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या आघातग्रस्त बेसाल्टमध्येही आढळते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसाल्टमध्येच झालेले असल्याने मंगळावरील विवरांशी तुलना करण्यासाठी जगभरातील संशोधक तेथे येतात. तेथील दगड फोडू किंवा उचलू नयेत, कारण तो परिसर अभयारण्य आहे. महाविद्यालयांच्या संग्रहातील छेद पाहावेत आणि शेजारी आपल्या गिट्टीचा छेद ठेवावा. एकात प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या करड्या-पांढऱ्या उजळतात, दुसऱ्यात त्याच आकाराच्या पट्ट्या अंधाऱ्या राहतात.

काटोलच्या दगडातून आघाताने वितळलेल्या बारीक काळ्या शिरा जातात आणि ब्रिजमनाइट अशाच शिरांत मिळाले. सुमारे २३ ते २५ गिगापास्कल (एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) दाबाखाली ते तयार झाले असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. पृथ्वीच्या खोल अंतरंगातील खनिज दगडात आहे, म्हणजे तो दगड एखाद्या मोठ्या ग्रहाच्या पोटातून आला असला पाहिजे, असे अनुमान नवशिके हटकून काढतात. ते चुकीचे आहे. सेरेस हा लघुग्रह पट्ट्यातील सर्वांत मोठा पिंड आहे आणि त्याच्या केंद्रातही दाब एका गिगापास्कलपर्यंत पोहोचत नाही. काटोलच्या मूळ पिंडावर हा दाब दुसऱ्या पिंडाच्या धडकेने क्षणभर निर्माण झाला आणि शिरा झपाट्याने थिजल्यामुळे ते खनिज टिकून राहिले. म्हणून आपल्या वहीत दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत : ऑलिव्हीनमधील लोहासारखी मूळ पिंडाची माहिती एका रकान्यात आणि मास्केलिनाइट, रिंगवूडाइट (ऑलिव्हीनचे उच्च दाबाखालचे रूप), ब्रिजमनाइट यांसारखी नंतरच्या धडकेची माहिती दुसऱ्या रकान्यात. अशनींची जागतिक नोंद ठेवणाऱ्या मेटिऑरिटिकल बुलेटिनच्या आंतरजालावरील खुल्या संग्रहात अशनींचे वर्गीकरण, वजन आणि अनेकांच्या खनिजांचे आकडे मिळतात. त्यातून भारतात पडलेले दहा-बारा अशनी निवडून त्यांची माहिती या दोन रकान्यांत भरण्याचा सराव करावा, आणि जेथे एखादा आकडा कोणत्या रकान्यात बसतो हे ठरत नाही तेथे तो प्रश्न तसाच लिहून घेऊन भूविज्ञानाच्या शिक्षकांकडे न्यावा.